पाय ठेवायचे कुठं? फूटरेस्टबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात म्हटलं होतं की टू-व्हीलरवरच्या लांबच्या प्रवासाबद्दल काय विचारायचं ते विचारा. सीटचे प्रश्न आले, मायलेजचे आले, पण सगळ्यात जास्त आले ते पायांचे. गुडघे भरून येतात, तळवे बधिर होतात, आईला मागं बसता येत नाही. आणि जवळपास प्रत्येकाने घरच्या घरी काहीतरी करून बघितलंय नाहीतर करायच्या तयारीत आहे. त्यामुळं या वेळचं पान पूर्ण फूटरेस्टलाच दिलंय.

दादा, नमस्कार. माझी उंची ६ फूट १ इंच, गाडी स्प्लेंडर. घर चोपड्याला, नोकरी नाशिकला, दर पंधरा दिवसांनी येणं-जाणं. अमळनेर, पारोळ्यापर्यंत काही वाटत नाही, धुळं ओलांडलं की गुडघे भरायला लागतात आणि मालेगावला चहाला उतरलो की पाय सरळच होत नाहीत. वेल्डिंगवाला म्हणतो फूटरेस्टचा रॉड कापून दोन इंच खाली वेल्ड करून देतो, तीनशे रुपये. करू का?

नको भाऊ, रॉड कापू नका. बाकी काय करायचं ते सांगतो, पण आधी कापायचं का नाही ते नीट समजून घ्या, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, निम्म्या पत्रांत हेच आहे.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना पुढचं फूटरेस्ट म्हणजे इंजिनाखालून जाणारा एकच आडवा रॉड असतो, बोल्टांनी आवळलेला. तुम्ही नुसते बसलेले असताना त्याच्यावर फक्त पायांचं वजन येतं, पण खड्डा दिसला की आपण सीटवरून उठून उभं राहतो ना, त्या वेळी सगळं शरीर त्या दोन टोकांवर येतं आणि वर खड्ड्याचा दणका वेगळा. हे दिवसातून शंभर वेळा होतं. आता त्यात वेल्ड आला. चांगल्या हाताने मारलेला वेल्ड सहसा तुटत नाही, तुटतं ते वेल्डच्या शेजारचं लोखंड, जिथं ते तापून पुन्हा थंड झालेलं असतं. बारीक चीर पडते, वरून काळा रंग मारलेला असल्यामुळं ती दिसत नाही आणि सहा महिन्यांनी एक दिवस पायाखालचा आधारच जातो. वेल्डिंगवाला वाईट असतो असं मी म्हणत नाही, गेटाचं आणि ग्रिलचं काम त्याच्यासारखं कुणी करणार नाही, पण गेटावर कुणी ताशी साठच्या वेगाने उभं राहत नाही.

माझ्याही गाडीला एकेकाळी पट्टी लावून दीड इंच खाली घेतलं होतं. वेल्ड नव्हता, बोल्टच होता, पण एकच बोल्ट. राहुड घाट उतरताना खड्डा आला, मी उभा राहिलो आणि उजवी पट्टी त्या एका बोल्टभोवती फिरली, पाय खाली गेला, आणि ब्रेकचं पॅडल जिथं असायला पाहिजे तिथं नव्हतं, म्हणजे ते जागेवरच होतं, माझा पाय जागेवर नव्हता. पुढच्या ब्रेकवर गाडी सावरली. मागं माझा लहान भाऊ बसला होता. त्या दिवसापासून फूटरेस्टबद्दल कुणी विचारलं की मी पहिली गोष्ट हीच सांगतो, काहीही बदल करा पण उजवा पाय न उचलता ब्रेक लागला पाहिजे, आणि केलेला बदल पान्याने खोलून गाडी पुन्हा होती तशी करता आली पाहिजे. हे दोन जिथं जमत नाही तो बदल करूच नका.

दुसरी अडचण जमिनीची. समजा फूटरेस्टचं टोक गाडीच्या मध्यापासून ३५ सेंमी बाहेर आणि जमिनीपासून २८ सेंमी वर आहे, तर गाडी वळणावर साधारण ३८ अंश झुकली की ते टेकेल. तेच दोन इंच खाली घेतलं की ३३ अंशांवरच टेकतं. डबल सीट असलात, मागं बॅग असली, शॉकअप दबलेले असले की अजून आधी. काही गाड्यांचं फूटरेस्ट टेकलं की वर दुमडतं, तेवढाच इशारा मिळतो. तुमच्या गाडीचा रॉड दुमडत नाही, तो टेकला तर गाडीलाच उचलायला बघतो. चाळीसगावकडून कन्नडच्या घाटात चढताना किंवा तोरणमाळच्या वळणांवर हे पाच अंश खूप असतात.

आता उपाय. तुमचा त्रास फूटरेस्ट वर असल्याचा नाही, सीट आणि फूटरेस्ट यांच्यामधलं अंतर तुमच्या पायांना कमी पडतंय, एवढाच आहे. मग फूटरेस्ट खाली न्यायच्या ऐवजी सीट वर घ्या ना! स्प्लेंडर प्लसची सीट जमिनीपासून ७८५ मिमी आहे, ६ फूट १ इंचाच्या माणसाला ती दीड-दोन इंच उंच झाली तरी दोन्ही पाय सहज टेकतात. सोफ्याचं काम करणाऱ्या कुशनवाल्याकडं जा, सीटचं कव्हर काढून मूळ फोमवर रिबॉन्ड फोमचा दीड इंचाचा थर चिकटवून घ्या, तोच तो दाबून बनवलेला रंगीबेरंगी तुकड्यांचा कडक फोम. मऊ घेऊ नका, मऊ फोम दुकानात बसून छान वाटतो आणि पारोळा येईपर्यंत बसून जातो. पुढची बाजू, जिथं मांड्या येतात, तिथं कडा गोल करायला सांगा नाहीतर मांडीखालची नस दाबून वेगळाच त्रास सुरू होईल.

किती फरक पडेल तेही सांगतो म्हणजे अपेक्षा बरोबर राहील. मांडी आणि नडगी प्रत्येकी ४५ सेंमी धरली तर एक इंच अंतर वाढल्याने गुडघ्याचा कोन साधारण ४ अंशांनी उघडतो. दीड इंचाने सहा. वाचायला कमी वाटतं, पण तीन-चार तास एकाच कोनात अडकलेल्या गुडघ्याला ते चांगलंच जाणवतं. शिवाय स्प्लेंडरची सीट लांब आणि सपाट आहे, एकटे असाल तेव्हा टाकीला चिकटून न बसता दोन-तीन इंच मागं सरका. हे फुकट आहे, आजच करून बघा.

एवढं करूनही पुरलं नाही तरच रॉडला हात लावा, आणि तोही एक इंचापेक्षा जास्त नाही. रॉड जिथं इंजिनाला बसतो तिथं मध्ये लेथवाल्याकडून भरीव लोखंडी ठोकळा बनवून घ्या, रॉडच्या बैठकीएवढाच रुंद, भोकं मापात मारलेली. वॉशरवर वॉशर रचून उंची करू नका, ते सरकतात. बोल्ट आधीच्या बोल्टांपेक्षा ठोकळ्याच्या जाडीएवढे जास्त लांब घ्या आणि ८.८ लिहिलेलेच घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. इंजिनाचं केसिंग अल्युमिनियमचं असतं, त्यात आटे पुरेसे बसले नाहीत तर उपटून येतात, ८ मिमीचा बोल्ट असेल तर किमान १२ मिमी आत गेला पाहिजे. उलट फार लांबही नको, तळाला टेकला की डोकं आवळल्यासारखं वाटतं पण रॉड ढिलाच राहतो. काही गाड्यांत साइड स्टँडही याच रॉडला असतो, तो एक इंच खाली गेला की गाडी स्टँडवर सरळ उभी राहायला लागते आणि हलक्या धक्क्याने पलीकडं पडते, हे विसरू नका.

आणि ब्रेक. पाय खाली गेला म्हणजे पॅडल पायाच्या मानाने वर आलं, घोटा उचलून दाबावं लागणार. मागच्या चाकाजवळचा ब्रेकच्या रॉडचा नट फिरवून बरेच जण म्हणतात झालं अॅडजस्ट, पण भाऊ त्या नटाने पॅडलचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीची मोकळी चाल, बदलतो, उंची बदलत नाही. फ्री प्ले ड्रम ब्रेकला साधारण २० ते ३० मिमी ठेवायचा असतो, तो उंचीसाठी बिघडवला तर ब्रेक घासत राहतो नाहीतर लागतच नाही. पॅडलची उंची खाली घेता येत नसेल तर तो एक इंच सोडून द्या, सीटवरच समाधान माना. गिअरचं सोपं आहे, लीव्हरचा बोल्ट काढून तो शाफ्टवर एक दातरा फिरवून बसवायचा. काम झाल्यावर बोल्टचं डोकं आणि फूटरेस्टचा रॉड यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवा, ५० किमीनंतर बघा, ५०० नंतर बघा, रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरलाय.

राम राम. रावेरला केळीचा बाग आहे, रोज बाग ते गाव आणि आठवड्यातून दोनदा जळगाव. वय ५२. गाडीला व्हायब्रेशन फार, तळव्याला मुंग्या येतात, पाय दुखतस भो! सायकलची ट्यूब फूटरेस्टला गुंडाळलीय, थोडं बरं वाटतं पण उन्हाळ्यात चिकट होते. अजून काय करता येईल?

नाना, ट्यूब गुंडाळायची कल्पना चुकीची नाही. फूटरेस्ट जाड झालं की दाब जास्त जागेवर पसरतो, आणि रबर कंप खातं. पण गुंडाळी ही सुटतेच. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीचं काळं रबर तर हात लावू देत नाही, मग ती ट्यूब ढिली पडून गोल फिरायला लागते. आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला लागला की गुळगुळीत ट्यूबवरून पाय सटकतो, मूळ रबराला खाचा असतात त्या याच्यासाठीच असतात.

माझं म्हणणं, आधी ट्यूब काढा आणि खालचं मूळ रबर बघा. बहुतेक ते दगडासारखं कडक झालेलं असेल किंवा टाचेकडून झिजून लोखंड उघडं पडलेलं असेल. नवीन कंपनीचं रबर फार महाग नाही, साबणाचं पाणी लावून बसवलं की सरकन जातं, ग्रीस किंवा ऑइल लावून बसवू नका, रबर फुगतं आणि नंतर फिरत राहतं. मग इंजिन फ्रेमला जिथं बसतं ते बोल्ट मिस्त्रीकडून आवळून घ्या. सिंगल सिलिंडर इंजिन थरथरणारच, ते त्याच्या जातीतच आहे, पण एक माउंटिंग बोल्ट ढिला असला की तीच थरथर दुप्पट वाटते आणि माणूस वर्षभर रबरं बदलत बसतो. चेन ढिली किंवा कोरडी असेल तर तेही पायालाच कळतं.

चपलेवर गाडी चालवता का? पत्रात लिहिलं नाही, पण बागेत जाताना बहुतेक चप्पलच असते. पातळ चपलेतून फूटरेस्टचा दांडा तळव्याच्या कमानीत बरोबर रुततो, तिथून नसा जातात. जाड आणि कडक तळाचा बूट घातला की तोच दाब पूर्ण पावलावर पसरतो, मला विचाराल तर ट्यूबपेक्षा याने जास्त फरक पडेल. जळगावला जाताना मध्ये भुसावळला पाच मिनिटं उतरा, टाचा वर-खाली करा, चार पावलं चाला.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गाडीवरून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मुंग्या गेल्या तर ते गाडीचं. पण रात्री झोपेत, बागेत चालताना, दोन्ही पायांना मुंग्या येत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि एकाच पोटरीला सूज येऊन दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

मी भुसावळचा, वय २३, बुलेट ३५० आहे. लेगगार्डवर क्लॅम्प लावून पुढं फूटरेस्ट बसवायचं आहे म्हणजे हायवेला पाय लांब करून बसता येईल. पाण्याच्या पाइपचे क्लॅम्प आणि जुने सायकलचे पेडल वापरून मित्राने बनवलंय, भारी दिसतं. सेफ आहे का?

दिसायला भारी असेल, पण सेफ नाही.

लेगगार्ड गाडी पडली तर पाय वाचवायला असतो, पातळ पाइप असतो, त्याच्यावर पायाचा भार सतत टाकायला तो बनवलेला नाही. गोल पाइपवर गोल क्लॅम्प फिरणारच, वर सायकलचं पेडल स्वतःभोवतीही फिरतं, म्हणजे दोन ठिकाणी फिरणारी वस्तू तू पायाखाली घेतोय. पण हे सगळं मजबूत करता येईल असं धरलं तरी खरी अडचण वेगळीच आहे. पाय पुढं लांब असताना मागचा ब्रेक पायाखाली नसतो. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाय मागं आणून पॅडल शोधायला अर्धा सेकंद लागला तर आठ मीटर गाडी ब्रेकशिवाय गेली. जळगाव-भुसावळ हायवेवर केळीची गाडी डाव्या बाजूने अंगावर कधी वळेल, ट्रॅक्टरची ट्रॉली लाइट नसलेली कधी समोर येईल, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. आणि पाय पुढं ताणलेले असले की खड्ड्यावर उठता येत नाही, सगळा दणका कमरेच्या मणक्यात जातो, म्हणून ज्या आरामासाठी हे करतोय तोही तासाभराने संपतो.

पाय मोकळे करायचेत ना, तर मोकळा रस्ता बघून वेग कमी करून एकेक पाय दोन सेकंद खाली सोड आणि परत जागेवर आण, आधी डावा, मग उजवा. नाहीतर सरळ उतर आणि चहा घे.

नमस्कार दादा, मी शिरपूरहून लिहितेय. दरवर्षी सप्तशृंगीला गाडीवर जातो, मिस्टर आणि मी एका गाडीवर, दीर आणि सासूबाई दुसऱ्या. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसतात, त्यांना नीट पाय टेकवायला जागाच नाही, नांदुरीपर्यंत पाय लोंबकळून सुजतात. यांनी लाकडी फळी बांधून दिली होती ती मालेगावच्या आत निघाली. घरी करता येईल असं काही सांगा.

ताई, फळी निघाली ते बरंच झालं, ती घाटात निघाली असती तर?

मागं बसणाऱ्यासाठी पायदान, धरायला हँडल आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारा गार्ड, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे गाडीला असायलाच पाहिजेत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो हाच. बरीच पोरं गाडी स्टायलिश दिसावी म्हणून पहिल्याच दिवशी तो काढून टाकतात. तुमच्या दिरांच्या गाडीला तो आहे का ते आधी बघा, नसेल तर पायदानाच्या आधी तो बसवा, कारण डाव्या बाजूलाच चेन, डाव्या बाजूलाच पदर.

साडीगार्डसोबत खाली रुंद पट्टीचं पायदान मिळतं, बऱ्याच गाड्यांना कंपनीचंच मिळतं. ते घ्या. मिळत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ मिमी चेकर प्लेटचं बनवून घ्या, साधारण २५ सेंमी लांब, १० सेंमी रुंद, म्हणजे दोन्ही पावलं शेजारी बसतात. कोपरे गोल घासून घ्यायचे, बाहेरची कड अर्धा इंच वर वळवायची म्हणजे चप्पल सरकत नाही. ही प्लेट फ्रेमला किंवा साडीगार्डच्या मूळ बोल्टांना दोन ठिकाणी बसली पाहिजे, आणि नट नायलॉनवाला, म्हणजे नायलॉकच. स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरून खालीवर होणाऱ्या दांड्याला, लावू नका. काही जुन्या गाड्यांत मूळ पायदानच स्विंगआर्मवर असतं आणि चाकाबरोबर खालीवर होत राहतं, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे त्यानेच जास्त दुखतात. बसवल्यावर गाडीवर तुमच्या मिस्टरांना आणि दिरांना दोघांनाही बसवून शॉकअप पूर्ण दाबून बघा, प्लेट चेनकव्हरला किंवा चाकाला कुठं घासत नाही ना.

पायदान किती खाली पाहिजे तेही सासूबाईंना बसवूनच ठरवा, पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि मांडी सीटच्या कडेला दाबली जायला नको, सूज त्या दाबानेही येते.

आणि ताई, सासूबाई नऊवारी नेसतात का? नेसत असतील तर त्यांना दोन्हीकडं पाय टाकून बसायला सांगून बघा. नऊवारीत ते सहज जमतं, शेतात आयुष्यभर काम केलेल्या बाईला त्याची लाज वाटायचं कारण नाही, आणि तोल दुपटीने चांगला राहतो. हेल्मेट मात्र दोघींना, आणि नांदुरीपासून गडाच्या घाटात सावकाश.

शहाद्याहून विचारतो. असे बदल केले तर आरटीओ किंवा पोलीस पकडतात का?

कायदा कलम ५२ चा आहे, मोटार वाहन कायदा, १९८८. आरसीवर जे लिहिलंय ते कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळं होईल असा बदल चालत नाही, आणि बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार ज्याने तिचं मूळ स्वरूपच बदलतं, असं त्याच कलमात सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रबर बदलणं, सीटला फोम लावणं, कंपनीचं साडीगार्डचं पायदान लावणं याच्यात घाबरायचं काही नाही. फ्रेम कापणं, फ्रेमला वेल्ड मारणं, कंपनीने दिलेलं पायदान काढून टाकणं, हे करू नका. मूळ काढलेला प्रत्येक पार्ट आणि बोल्ट घरी पिशवीत ठेवा.

आणि एक, कुठंही गाडीला वेल्डिंग होणारच असेल, अगदी कॅरिअरचं असलं तरी, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक सगळ्या इंजेक्शनच्या आहेत, वेल्डिंगचा करंट ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, शिरला की तीनशेच्या कामापायी हजारोंचा खर्च बसतो.

अमळनेरहून, निवृत्त शिक्षक, वय ६७. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. गुडघा पूर्ण वाकत नाही. मोटारसायकलचं उजवं फूटरेस्ट पुढं घेऊन गाडी चालवता येईल असं कसं करावं?

गुरुजी, तुमच्यासाठी फूटरेस्ट पुढं घ्यायचा उपाय मी सांगणार नाही. उजवं फूटरेस्ट पुढं घेतलं की ब्रेकचं पॅडलही पुढं घ्यावं लागेल, त्याचा रॉड, त्याची स्प्रिंग, सगळं नव्याने, आणि ते घरगुती कामात भरवशाचं होत नाही. शिवाय सिग्नलला गाडी उजवीकडं कलली तर तिचं शंभरावर किलो वजन त्याच पायावर येणार.

तुम्हाला गिअर नसलेली स्कूटर बघा असं सुचवतो. दोन्ही ब्रेक हातात असतात, सपाट फ्लोअर असल्यामुळं पाय पुढं-मागं कुठंही ठेवता येतो, आणि बसताना पाय सीटवरून फिरवून टाकावा लागत नाही. विकत घेण्याआधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारा की गाडी चालवायला हरकत नाही ना, मग शोरूमला जाऊन नुसती ट्रायल न मारता दहा मिनिटं स्टँडवरच्या स्कूटरवर बसून राहा, हँडल गुडघ्याला लागतंय का ते वळवून बघा. काही स्कूटरचा पुढचा भाग तुमच्यासारख्या न वाकणाऱ्या पायाला अडतो, काहींचा नाही, ते बसल्याशिवाय कळत नाही. सोबत मुलाला किंवा नातवाला घेऊन जा आणि पहिले काही दिवस गावातच, सकाळच्या वेळी रस्ता मोकळा असताना चालवा.